आमचा सायकल क्लब : दोन वर्षांच्या सभासदत्वानंतरचा अभिप्राय

या सायकल क्लबचा मी दोन वर्षांपासून वर्गणी भरणारा साधा सभासद आहे. कार्यकारिणीत कधी नव्हतो, शर्यतीत कधी उतरलेलो नाही, आणि माझी सायकलही तशी सामान्यच आहे : पोलादी फ्रेम, मागे कॅरिअर, पुढे जुना दिवा. हे आधीच सांगण्याचे कारण असे की अशा क्लबांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा वेगाने जाणाऱ्यांनी लिहिलेले असते, आणि त्यांच्या अपेक्षा माझ्यासारख्याच्या अपेक्षांपेक्षा फार वेगळ्या असतात. सभासद होण्याचा विचार करणाऱ्यांपैकी बहुतेकजण माझ्याच पंगतीतले असणार असे गृहीत धरून मी लिहीत आहे. क्लबच्या माहितीपत्रकात 'सायकलचा प्रचार आणि प्रसार' हे उद्दिष्ट पहिल्याच ओळीत छापलेले आहे. तो प्रसार खरोखर कोठे होतो आणि कोठे नुसताच छापील राहतो, एवढेच मला येथे पाहायचे आहे.

पहिल्या रविवारी मी वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचलो, तेव्हा राइड लीडर प्रत्येक नव्या माणसाची सायकल तपासत होता. या तपासणीला जेमतेम दोन मिनिटे लागतात, पण ती ठरलेल्या क्रमाने होते. पुढचे चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचे, म्हणजे एक्सल ढिला असल्यास कळतो. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे करायची, म्हणजे हँडलखालचे बेअरिंग सैल असल्यास हाताला बारीक 'टक टक' जाणवते. त्यानंतर क्रँक, म्हणजे पॅडल ज्याला जोडलेले असते तो दांडा, मग सीट आणि शेवटी मागचे चाक व चेन. नजर चाकावरून वर हँडलकडे, खाली क्रँककडे, पुन्हा वर सीटकडे आणि खाली मागच्या चाकाकडे, अशी 'एम' अक्षर काढल्यासारखी फिरते, त्यामुळे काही राहून जात नाही. माझ्या मागच्या ब्रेकचे शू इतके झिजले होते की रबराखालचा धातू रिमला घासू लागला होता, आणि मी मात्र तो आवाज कित्येक दिवस चिखलाचा समजत होतो. लीडरने शांतपणे सांगितले की या अवस्थेत तुम्हाला सोबत नेता येणार नाही. मग पेटीत जुळणारे शू सापडले, ते बसवले आणि मी निघालो. ते सापडले नसते तर मला परत पाठवले असते याविषयी मला शंका नाही. नव्या माणसाला 'नाही' म्हणण्याची ही तयारी मला आश्वासक वाटली.

घोळक्याच्या अगदी शेवटी जो चालतो त्याला क्लबमध्ये 'स्वीपर' म्हणतात, आणि माझ्या मते क्लबची खरी किंमत याच माणसात आहे. त्या दिवशी स्वीपर म्हणून सगळे ज्यांना 'काका' म्हणतात असे एक वयस्क सभासद होते. पहिल्याच चढावर मी घाईने गिअर बदलला आणि चेन पडली. मी म्हणालो, "काका, तुम्ही व्हा पुढे, मी येतो." ते उतरले, सायकल कडेला घेतली आणि म्हणाले, "पुढे जायला मी स्वीपर कशाला झालो असतो? आधी सायकल रस्त्यावरून बाजूला घ्या." त्यांनी माझ्या चेनला बोटसुद्धा लावले नाही. मागच्या गिअरचा खालचा लोंबता सांगाडा पुढे ढकला म्हणजे चेन ढिली पडेल, ती पुढच्या चकतीच्या खालच्या दात्यांत अडकवा आणि पॅडल उलटे फिरवा, एवढेच त्यांनी सांगितले. आणि दोन फसलेल्या प्रयत्नांनंतर चेन आपोआप जागेवर चढली, तेव्हा माझी दहाही बोटे काळी झाली होती आणि यापुढे चेन पडण्याची भीती मात्र गेली होती. पुढच्या वळणावर सगळी मंडळी थांबलेली होती. तेथे मी आणखी एक गोष्ट टिपली. अनेक गटांत शेवटचा माणूस पोहोचला की पुढचे लगेच निघतात, म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती मिळते आणि जो दमलेला आहे तो श्वासही न घेता पुन्हा पॅडल मारू लागतो. येथे शेवटच्याने पाणी पिऊन बाटली जागेवर ठेवल्याशिवाय लीडर हलत नाही. नियम साधा आहे, पण तो पाळण्यासाठी पुढच्यांच्या उत्साहाला आवर घालावा लागतो, आणि ते काम लीडर दर रविवारी न कंटाळता करतो.

रस्त्यावरची शिस्तही चांगली आहे. खड्डा दिसला की पुढचा बोट खाली करून दाखवतो आणि "भोक!" म्हणून ओरडतो, तीच खूण आणि तोच शब्द माणसागणिक मागे जातो, कडेला उभी गाडी असेल तर हात पाठीमागे नेऊन कोणत्या बाजूला सरकायचे ते दाखवले जाते, थांबायचे असेल तर तळहात वर. नव्याला हे सगळे थोडे बालिश वाटते, कारण आपण एरवी रस्त्यावर कोणालाच काही सांगत नसतो. पण समोरच्या सायकलच्या मागे दोन हात अंतरावर चालताना आपल्याला रस्ता दिसतच नाही, दिसते ती समोरच्याची पाठ. त्यामुळे त्याचे डोळे हेच आपले डोळे होतात. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येऊ द्यायचे नाही, हा नियम तर पहिल्या राइडला तीन वेळा सांगितला गेला. दोन्ही चाके एकमेकांना घासली तर पुढच्याला फारसे काही होत नाही, पडतो तो मागचा. एवढ्या जवळून चालण्याचा मोबदलाही मोठा असतो : सपाट रस्त्यावर चांगला वेग असताना दुसऱ्याच्या आडोशाला राहिल्यास लागणारी ताकद सुमारे पाव ते एक तृतीयांशाने कमी होते. दर काही मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन मागे येतो आणि वाऱ्याचा मारा वाटून घेतला जातो, तेव्हा एकट्याने कधीच झेपले नसते असे अंतर माझ्यासारखाही कापून येतो.

आता पहिली तक्रार, आणि ती किरकोळ नाही. राइडच्या सूचनेत 'सरासरी वेग ताशी 20 किलोमीटर' असे लिहिलेले असते. नवा माणूस आपण सहज वीसने जातो असे समजून येतो आणि अर्ध्या तासात घामाघूम होतो, कारण चढ, वळणे आणि सिग्नल धरून सरासरी वीस पडायची असेल तर सपाटीवर पंचवीसच्या आसपास जावे लागते. हा फरक कागदावर पाचाचा दिसतो, पायांना मात्र दुपटीचा जाणवतो, कारण हवेच्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि वीसवरून पंचवीसवर जायचे म्हणजे त्यासाठी जवळजवळ दुप्पट जोर लावायचा. त्यातच एखादा ताज्या दमाचा सभासद पुढे आला की जाहीर केलेला वेग कोणी लक्षात ठेवत नाही. मी हे लेखी कळवले होते. सूचनेत सपाटीवरचा वेग आणि एकूण चढ असे दोन आकडे द्यावेत, एवढीच मागणी होती. 'विचार करू' असे उत्तर आले आणि वर्षभर विचार चालू आहे. संथ गटात लीडर आणि स्वीपर चांगले असले तरी मधल्या गटात हा प्रकार सर्रास चालतो, आणि एकदा तोंडघशी पडलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. तो का आला नाही हे क्लबला कधीच कळत नाही, कारण न आलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

रविवारच्या राइडपेक्षा मला क्लबची बुधवारची कार्यशाळा अधिक मोलाची वाटते. एका सभासदाने दिलेल्या मोकळ्या गॅरेजात दोन स्टँड आहेत, भिंतीवर फळी आहे, आणि फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली आहे, त्यामुळे कोणते हत्यार जागेवर नाही ते दारातूनच दिसते. संध्याकाळी दोन तास कोणीही आपली सायकल घेऊन यावे. सभासद असण्याची अट नाही. अट एकच, आणि ती फळीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे : काम तुम्ही करायचे. जाणकार शेजारी उभा राहतो, सांगतो, चुकल्यास थांबवतो, पण तुमच्या हातातला पाना घेत नाही. दुकानात सायकल टाकून संध्याकाळी घेऊन जाण्याची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला त्रासाचे वाटते. मलाही वाटले.

माझा पहिला धडा डाव्या पॅडलचा होता. ते काढण्यासाठी मी सगळा भार टाकून पाना फिरवत होतो आणि प्रत्यक्षात ते आणखी आवळत होतो, कारण डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. दोन्हीकडे सरळ आटे असते तर चालवता चालवता डावे पॅडल हळूहळू सुटून आले असते, म्हणून ही योजना. शेजारच्या मुलीने, जी माझ्याहून निम्म्या वयाची असेल, एक खूण सांगितली : पाना पॅडलपासून सरळ वर उभा धरा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढा, पॅडल कोणतेही असो, सुटणारच. सोललेल्या बोटांनी मी ती खूण लक्षात ठेवली आहे.

चेनचा धडा अधिक महागात पडला. चेन ताणली जाते असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली खीळ आणि तिचे भोक झिजते आणि शंभरावर कड्यांची ती बारीक झीज मिळून लांबी वाढते. मोजण्यासाठी खास गेज मिळतो, पण कार्यशाळेत साधी फूटपट्टी वापरतात. सायकलच्या चेनमध्ये एका खिळीपासून पुढची खीळ अर्ध्या इंचावर असते, म्हणून पट्टीचे शून्य एका खिळीच्या मध्यावर ठेवले तर बाराव्या इंचावर बरोबर दुसऱ्या खिळीचा मध्य आला पाहिजे. तो इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेला असेल तर चेन बदलायची. आठव्या भागाने पुढे गेला असेल तर तोपर्यंत मागच्या चकत्यांचे दातेही त्या झिजलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात. माझी खीळ आठव्या भागाच्याही पुढे होती. तरीही मी हट्टाने फक्त चेन बदलली, आणि दुसऱ्याच दिवशी चढावर जोर लावताच नवी चेन जुन्या दात्यांवरून उड्या मारू लागली. पुढच्या बुधवारी निमूटपणे चकत्याही बदलल्या. तिथल्या कोणीही 'आम्ही सांगितले होते' असे म्हटले नाही, याची नोंद येथे करतो.

पंक्चर काढायला तेथे जसे शिकवतात तसे मी अन्यत्र पाहिलेले नाही. टायर बसवताना त्याच्यावरची छापील खूण व्हॉल्व्हच्या समोर ठेवायची, ही सवय मला आधी निव्वळ टापटिपीची वाटत होती; पण ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते कळले की ते भोक व्हॉल्व्हपासून जितक्या अंतरावर असेल तितक्याच अंतरावर टायरमध्ये काटा किंवा तार शोधता येते. ती न काढता ठिगळ लावणारा माणूस शंभर पावलांवर पुन्हा थांबतो. ट्यूब पॉलिश पेपरने घासायची, सोल्यूशन लावायचे, आणि मग ज्या गोष्टीसाठी कोणाकडेच धीर नसतो ती करायची, म्हणजे थांबायचे. सोल्यूशनची चमक जाऊन ते मंद दिसू लागेपर्यंत ठिगळाला हात लावायचा नाही. कार्यशाळेतही असणारे ते स्वीपर काका या वेळी मुद्दाम गप्पा सुरू करतात, म्हणजे शिकणाऱ्याचे हात आवरले जातात.

उणिवा येथेही आहेत. चाकाचा आउट काढणे, म्हणजे तारा कमी-जास्त आवळून वाकडे फिरणारे चाक सरळ करणे, हे एकाच सभासदाला नीट येते; तो आला नाही की चाके तशीच परत जातात, आणि त्याने दुसरे कोणी तयार करावे यासाठी काही प्रयत्न दिसत नाही. मुलांच्या लहान सायकलींचे सुटे भाग जवळजवळ नसतातच. शिवाय संध्याकाळचे दोन तास अपुरे पडतात, आणि उशिरा येणाऱ्याचा नंबर लागत नाही.

तरी या गॅरेजात मी जे पाहिले त्यावरून मला असे वाटते की लोक सायकल सोडतात ती आळसाने कमी आणि बारीकसारीक अज्ञानाने जास्त. एक उदाहरण पुरेसे आहे. गुडघे दुखतात म्हणून सायकल विकायला काढलेले एक गृहस्थ गॅरेजात आले होते. त्यांनी सीट इतकी खाली ठेवली होती की बसल्या बसल्या दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकत. त्यांना भिंतीला धरून सीटवर बसवले, पॅडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवायला सांगितली आणि पाय सरळ होईपर्यंत सीट वर घेतली. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो आणि तोच योग्य असतो. सीट किती वर गेली ते त्यांनी बोटे लावून मोजले : चार बोटे. दोन आठवड्यांनी ते सायकलवरूनच आले, आणि विक्रीचा विषय त्यांनी स्वतःहून काढला नाही.

प्रौढांना सायकल शिकवण्याचा वर्ग हा या क्लबचा दुसरा चांगला उपक्रम. वर्षातून तीन-चार वेळा तो भरतो आणि त्यात बहुतांश स्त्रिया असतात, ज्यांना लहानपणी सायकल मिळाली नाही किंवा भावाला मिळाली. सीट धरून मागे पळण्याची पद्धत येथे वापरत नाहीत. आधी दोन्ही पॅडल काढून टाकतात, सीट खाली घेतात आणि किंचित उताराच्या मोकळ्या जागेवर पायांनी जमीन ढकलत चालायला सांगतात. पाय केव्हाही टेकता येत असल्यामुळे भीती राहत नाही. हळूहळू पाऊल लांब पडते, मग दोन्ही पाय उचलले जातात, आणि तोल सांभाळणे जमल्यावरच पॅडल परत बसवतात. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई तिसऱ्या दिवशी मैदानाच्या टोकापर्यंत गेल्या. शिकवणारी मुलगी मागून ओरडत होती, "ताई, चाकाकडे नको, समोर बघा, समोर!" त्या समोर बघत राहिल्या आणि कुंपणाजवळ गेल्यावर कळले की थांबायचे कसे हे त्यांना नीट सांगितलेलेच नव्हते. त्यांनी ब्रेक दाबायचे सोडून सरळ कुंपण धरले. लागले काही नाही, पण पुढच्या वर्गापासून ब्रेकचा सराव पहिल्या दिवशी घेतला जातो. माझी तक्रार यापुढची आहे. वर्ग संपला की या स्त्रियांचे काय होते? मैदानावर शिकलेल्या माणसाला रस्त्यावर उतरण्यासाठी पहिले चार-सहा आठवडे सोबत लागते, आणि क्लब त्यांना सरळ रविवारच्या संथ गटात बोलावतो, जो त्यांच्या दृष्टीने मुळीच संथ नसतो.

ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, ज्यांना 'ब्रेव्हे' म्हणतात, त्यांच्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांच्याविषयी क्लब स्वतःच पुष्कळ लिहितो. ही पद्धत फ्रान्समधल्या 1904 साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँच्या नियमांनी चालते : 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 किलोमीटर वीस तासांत, 400 किलोमीटर सत्तावीस तासांत आणि 600 किलोमीटर चाळीस तासांत. वाटेतल्या नियंत्रण ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. या सर्वांचे शिखर म्हणजे दर चार वर्षांनी होणारी सुमारे 1200 किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, जिची कमाल मुदत नव्वद तास आहे. यात क्रमांक नसतो, आणि शेवटच्या मिनिटाला आलेला व सर्वांत आधी आलेला यांत नियमाने फरक केला जात नाही. ही कल्पना मला मनापासून आवडते. आमच्या क्लबने मात्र तिची बिनदिक्कत शर्यत करून टाकली आहे. वार्षिक सभेत कोणी किती तासांत केले याची यादी वाचली जाते, वर्षभरात एकूण किती किलोमीटर झाले यावर मान ठरतो, आणि रोज आठ किलोमीटर कामावर जाऊन येणाऱ्याला टाळ्या वाजवण्याखेरीज सभेत काही काम नसते. आयोजन मात्र निर्दोष असते, हे मान्य केले पाहिजे : मार्गाचा तपशील स्वच्छ असतो, स्वयंसेवक रात्रभर जागेवर असतात आणि पुढच्या-मागच्या दिव्यांच्या तपासणीत कोणाला सूट मिळत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2018 मध्ये 3 जून हा जागतिक सायकल दिन ठरवल्यापासून त्या दिवशी रॅली काढणे हा क्लबचा सर्वांत दिखाऊ उपक्रम झाला आहे. एकसारखे टी-शर्ट, फलक, छायाचित्रे. मी दोन्ही वर्षे गेलो. दुसऱ्या वर्षी मुद्दाम पाहिले तर निम्म्याहून अधिक मंडळी आपापल्या सायकली मोटारीच्या पाठीवर लादून आली होती आणि रॅली संपल्यावर तशाच परत घेऊन गेली. मी हे उपहासाने लिहीत नाही. दूर राहणाऱ्याला दुसरा मार्ग नसेलही. पण त्या दिवशी जेवढे मनुष्यबळ खर्ची पडते त्याच्या चौथ्या हिश्शात एखाद्या शाळेपर्यंतचा किंवा कार्यालयापर्यंतचा बिनधोक्याचा मार्ग दहा नवख्यांना सोबत करून दाखवता आला असता.

सोमवार ते शनिवार हा क्लब जवळजवळ झोपलेला असतो, हे माझे मुख्य म्हणणे आहे. कामावर सायकलने जाऊ इच्छिणाऱ्याला लागते ते अगदी वेगळे : कोणता रस्ता लांबचा पण शांत आहे, पोहोचल्यावर सायकल कोठे आणि कशी बांधावी, पावसात मडगार्ड का हवेत, अंधारात मागचा लाल दिवा कोणत्या उंचीवर असावा. यातले ज्ञान क्लबमध्ये भरपूर आहे, पण ते गप्पांत आहे, कोणी लिहून ठेवलेले नाही. आणि सायकलींची संख्या वाढणे ही निव्वळ हौसेची बाब नाही. 2003 मध्ये पीटर जेकबसन या संशोधकाने अनेक ठिकाणची आकडेवारी तपासून असे दाखवले की चालणारे आणि सायकलस्वार दुप्पट झाले तर अपघात दुप्पट होत नाहीत, साधारण एक तृतीयांशाने वाढतात. म्हणजे प्रत्येकाचा वैयक्तिक धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, कारण मोटार चालवणाऱ्याच्या नजरेला सायकलींची सवय होते. रोज सकाळी रस्त्यावर येणारी एक नवी सायकल मलाही थोडीशी सुरक्षित करते. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर गेलेल्या पन्नास सायकलींनी कोणाच्या नजरेला कसली सवय लागणार?

सायकल क्लब रस्ते बदलू शकतात, हे जुने उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये 1878 साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने तीव्र उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या होत्या, आणि अमेरिकेत 1880 साली स्थापन झालेल्या संघटनेने चांगल्या रस्त्यांची चळवळ चालवली ती मोटारी येण्याच्या आधी. उलट दिशेचे उदाहरण नेदरलँड्सचे आहे. तेथील 'एएनडब्ल्यूबी' ही संस्था 1883 साली सायकलस्वारांसाठी निघाली. नावातली ही आद्याक्षरे आजही टिकून आहेत, आणि त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे 'सायकलस्वार'च, पण काळाच्या ओघात ती मोटारवाल्यांची संस्था झाली. शेवटी 1975 मध्ये रस्त्यांवरच्या बालमृत्यूंनी पेटून उठलेल्या वातावरणात सायकलस्वारांना स्वतःची नवी संघटना काढावी लागली, आणि तिने सुरुवातीचे नावच 'पहिली, एकमेव, खरी' असे चिमटा काढणारे घेतले. आमचा क्लब मोटारवाल्यांचा होण्याची भीती नाही, परंतु तो रविवारवाल्यांचा होऊन बसला आहे.

व्यवहाराच्या बाबी पटकन सांगतो. वर्गणी रास्त आहे आणि हिशेब वार्षिक सभेत छापून मिळतो. हत्यारे उसनी नेता येतात, वहीत नोंद करावी लागते. हेल्मेटशिवाय राइडला घेत नाहीत. ज्याला वेग आणि सोबत हवी त्याने पहाटेच्या जलद गटात जावे, त्याची निराशा होणार नाही. ज्याने बऱ्याच वर्षांत सायकल चालवलेली नाही त्याने मात्र रविवारी येऊ नये. आधी दोन बुधवार गॅरेजात यावे, सीट आणि ब्रेक लावून घ्यावेत, काकांशी ओळख करून घ्यावी आणि ते ज्या रविवारी स्वीपर असतील तो रविवार निवडावा. ते काम दर महिन्यात कोणाकडे आहे ते गॅरेजाच्या दारावर लिहिलेले असते.

एवढ्यात एक बरी गोष्ट घडली आहे, ती नोंदवतो. रोज कामावर जाणाऱ्या आम्ही सात जणांनी कार्यकारिणीची वाट न पाहता रस्त्यावरच्या पाणी वाहून जाण्याच्या जाळ्यांची यादी केली. ज्या जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असतात तिच्यात सायकलचे चाक सरळ आत जाते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. फटी आडव्या असल्या की चाक वरून निघून जाते. प्रत्येक जाळीवर पट्टी ठेवून फटीची रुंदी दिसेल असे छायाचित्र घेतले आणि क्लबच्या नावाने पत्र दिले. अध्यक्षांनी सही करायला जरा आढेवेढे घेतले, पण केली. दोन महिन्यांत दोन जाळ्या काढून आडव्या बसवल्या गेल्या. तिसरी, जी उताराच्या शेवटी वळणावर आहे, ती अजून तशीच आहे, तेथे पोहोचलो की पुढचा बोट खाली करतो, "भोक!" म्हणतो, आणि तो शब्द एकेका सायकलीवरून मागे स्वीपरपर्यंत जातो.